लग्नाला म्हणून नेलेली मुलगी

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत. ब्लॉकखालच्या या मोकळ्या जागेत आवाज घुमतो, आणि मला मोठ्याने बोलता येणार नाही.

मी वैशाली. सहाव्या मजल्यावर राहते. प्रज्ञाताई नवव्या मजल्यावर राहायच्या. इथल्या बहुतेकांना मी माहीत आहे, आणि मी बोलायला उभी राहिले हे पाहून काहींच्या चेहऱ्यावर जे आलंय, तेही मला दिसतंय. हिची हिंमत कशी होते, असंच ना? बरोबर आहे तुमचं. मला बोलायला कोणी सांगितलेलं नाही. ताईंच्या मोठ्या बहीण रमाताई नागपूरहून आल्यात, या इथे पुढे बसल्यात. काल मी त्यांना विचारलं, मी दोन शब्द बोलू का?  त्या म्हणाल्या, "बोला. पण खरं बोला."

तर खरं बोलते.

प्रज्ञाताई इथे सिंगापूरच्या विद्यापीठात प्राचीन ग्रीस शिकवायच्या. नागपूरच्या बौद्ध वस्तीतली मुलगी, वडील गिरणीत, आणि ही बाई अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक मुलींचा अभ्यास करायची. त्या मुलींना शाळा नव्हती, मग त्यांना शिकवलं कोणी आणि काय, हा त्यांचा विषय. मी एकदा हसून म्हटलं होतं, "ताई, एवढ्या लांबच्या मुलींचं तुम्हाला काय पडलंय?" त्या म्हणाल्या, "लांबच्या आहेत म्हणून कोणी रागवत नाही गं. जवळच्यांचं बोलले की लोक उठून जातात."

पुढे त्या जवळच्यांचं बोलल्या. आणि आपण उठून गेलो.

आमची ओळख झाली सार्सच्या साथीच्या वर्षी. तुमच्यातले काही तेव्हा इथे नव्हते, म्हणून सांगते. मी नोव्हेनाला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. त्या दिवसांत घरी परतताना लिफ्टचं बटण दाबायचीही भीती वाटायची. लोक आमच्याबरोबर लिफ्टमध्ये चढायचे नाहीत. माझी केतकी तेरा वर्षांची होती. तिच्या अंगाला हात लावायला मी घाबरत होते. माझे यजमान जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात इंजिनियर, त्यांची शिफ्ट. मुलीला ठेवायची कुठे? एवढी आपली माणसं आहेत इथे, सगळ्यांना फोन केले. सगळ्यांना अडचण होती. दोष देत नाही, दिवसच तसे होते.

ताईंना मी फोन केलाच नव्हता. त्याच खाली आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मुलगी माझ्याकडे पाठव. शाळा बंद आहेत, मीही घरीच आहे."

केतकी पाच आठवडे त्यांच्याकडे राहिली. मी खाली उभी राहून वर बघायची, ती नवव्या मजल्यावरून हात हलवायची. रोज फोनवर मला गोष्टी सांगायची. त्यातली पहिली होती अस्वलाची.

ग्रीसमध्ये रानाच्या देवीचं एक देऊळ होतं. तिथे एक माणसाळलेलं अस्वल असायचं. एका लहान मुलीने त्याची खोडी काढली, अस्वलाने तिला ओरबाडलं. तिच्या भावांनी अस्वलाला मारलं. मग गावात रोगाची साथ आली. देवीने कौल दिला, की यापुढे तुमच्या मुलींनी माझ्यासाठी अस्वल व्हायचं. म्हणून लग्नाआधी छोट्या मुलींना त्या देवळात पाठवायचे. अंगात केशरी झगे. तिथे त्या अस्वलासारख्या नाचायच्या, धावायच्या. तसं केल्याशिवाय लग्नाला उभं राहता यायचं नाही.

केतकीने ताईंना विचारलं होतं, "ओरबाडलं अस्वलाने. मारलं भावांनी. मग मुलींना का पनिशमेंट?"

फोनवर मला इथल्या मुलांसारखं वाक्याला 'ला' लावून म्हणाली, "आई, मावशीकडे आन्सर नाही ला. ती म्हणाली, हा प्रश्न त्या मुलींनी विचारला असता तर त्यांना परत पाठवलं असतं."

साथ गेली. केतकी घरी आली. ताईंनी रविवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग सुरू केला, इथेच, याच जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. तुमची मुलं येत होती. इंग्रजी शाळेतली आपली मुलं, जोडाक्षरापाशी अडखळायची. केतकीला मराठी वाचता येतं ते ताईंमुळे. मी शिकवलं नव्हतं. हे लक्षात असू द्या.

वर्गात त्या गोष्टी सांगायच्या, आपल्याकडच्या आणि तिकडच्याही. एक गोष्ट तुमच्या मुलींनी घरी येऊन सांगितली असेल, कारण त्यावरून आपल्यात कुजबुज सुरू झाली होती. अथेन्समध्ये दरवर्षी दोन मुली निवडायचे. सात ते अकरा वर्षांच्या. पुजारीण त्यांच्या डोक्यावर झाकलेलं काहीतरी द्यायची. त्यात काय आहे ते मुलींना माहीत नसायचं. देणारीलाही माहीत नसायचं. मुलींनी ते घेऊन जमिनीखालच्या वाटेने उतरायचं, तिथे ठेवायचं, दुसरं झाकलेलं काहीतरी उचलायचं आणि वर आणायचं. आणि त्या मुलींना आधीपासून एक कथा माहीत असायची. फार पूर्वी राजाच्या मुलींना देवीने अशीच एक टोपली दिली होती. उघडू नका म्हणाली होती. त्यांनी उघडली. आत जे दिसलं त्याने त्यांना वेड लागलं आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या.

ताई म्हणायच्या, "हीच त्यांची शाळा. धडा एकच. उचल आणि विचारू नकोस."

सणवारांना त्यांचा विरोध होता असं आपण पसरवलं. ते खोटं आहे. त्या म्हणायच्या, त्या देवळात मुली मनसोक्त धावायच्यासुद्धा. घरी कोण धावू देणार होतं? मैत्रिणी मिळायच्या, नाच मिळायचा. आपल्या भोंडल्याला त्या स्वतः यायच्या, फेर धरायच्या. फक्त फेर संपला की मुलींना विचारायच्या, "गाण्यातली सून कोणाकोणाची परवानगी मागते गं? मोजा बरं." एवढंच. एवढ्याचंच आपल्याला भय वाटायला लागलं.

आता केतकीचं सांगते.

ती अठरा वर्षांची होती. परीक्षा झाली होती. एके दिवशी हार्बरफ्रंटच्या फेरी टर्मिनलवर ती एका मुलाशी बोलताना कोणालातरी दिसली. तिच्या शाळेच्या वर्गातली सात-आठ मुलं सहलीला निघाली होती, त्यातला तो एक. दोघे तिकिटाच्या रांगेत उभे होते, हसत होते. एवढंच. ज्यांनी पाहिलं त्यांनी माझ्या घरी फोन केला. काळजीपोटी केला, असं ते म्हणाले. ते आज इथे आहेत. मी नाव घेणार नाही.

यजमानांनी केतकीला काही विचारलं नाही. मला ते जास्त भीतीचं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांत झाले. अमरावतीला थोरल्या दिरांशी रोज फोन सुरू झाले, दार लावून. आठ दिवसांनी मला सांगितलं, "मुलगा बघितलाय. घरचा धंदा आहे. तिला आत्ता काही बोलू नकोस. मनीषाच्या लग्नाला जायचंय म्हण."

मनीषा माझी पुतणी. तिचं लग्न ठरलेलंच नव्हतं.

मी म्हटलं, "तिला सांगून तरी न्या."

ते म्हणाले, "सांगितलं तर येईल का ती?"

 इथे मला थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, मी खरेदीला गेले. लिटल इंडियातून अष्टपुत्री आणली, हळदीच्या वेळी नवरी नेसते ती पिवळी साडी. ब्लाउज तिथल्याच शिंप्याकडे शिवायला टाकलं. केतकीने पिशवी उघडून पाहिली. "कोणाचं गं हे?" मी म्हटलं, मनीषाचं. तिने ब्लाउज अंगाला लावून बघितलं. म्हणाली, "माझ्या मापाचं आहे." मी म्हटलं, "तुम्हा दोघींचं माप एकच आहे."

किती सहज निघालं तोंडातून. मी आधी तयारीही केली नव्हती.

तिने हे ताईंना सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताई नोव्हेनाला आल्या. माझी जेवणाची सुट्टी होती, आम्ही हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोर बसलो. त्यांनी काही मागवलं नाही. त्या म्हणाल्या, "वैशाली, मी एक गोष्ट सांगते. ऐकून घे."

एका राजाची जहाजं वाऱ्याअभावी अडकली होती. सगळं सैन्य खोळंबलं होतं. देवी रुसली होती, तिला राजाची मुलगी बळी हवी होती. राजाने घरी निरोप धाडला, की मुलीचं लग्न ठरवलंय, मोठा वीर जावई मिळतोय, तिला घेऊन या. आई नटवून घेऊन आली. मुलगी लग्नाला म्हणून आली. मांडव नव्हता. वेदी होती.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही त्या ग्रीकांमध्ये फार रमता."

त्या म्हणाल्या, "त्या आईला माहीत नव्हतं, वैशाली. तुला माहीत आहे."

मी ट्रे उचलला आणि निघून आले. मागून त्या म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत तू तिला सांग. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन."

मी सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं. आणि केतकी काय म्हणाली माहीत आहे? हे मला शेवटच्या आजारात ताईंनीच सांगितलं. ती हसली. म्हणाली, "नो ला, मावशी. माझी आई असं करणार नाही."

ताईंनी वाद घातला नाही. रमाताईंचा नागपूरचा नंबर तिच्याकडून तीन वेळा म्हणून घेतला, पाठ करून घेतला. आणि म्हणाल्या, "तिथे गेल्यावर पत्रिका वाच. नवरीचं नाव वाच."

आम्ही अमरावतीला पोचलो. पोचताच दिरांनी सगळ्यांचे पासपोर्ट मागितले, कपाटात नीट ठेवतो म्हणाले. केतकीचा फोन काकूने घेतला, इथे तुझं सिम चालणार नाही म्हणून. यजमानांनी सिंगापूर सोडतानाच तिचा इथे राहायचा पास रद्द करायचा अर्ज देऊन ठेवला होता. ते मला तिथे कळलं. म्हणजे तिला परत येता येणारच नव्हतं. मी विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "दोर कापल्याशिवाय मन रमत नाही."

घर पाहुण्यांनी भरलेलं. सगळ्या बायका तिच्याकडे बघून हसत होत्या. कोणी गालावरून हात फिरवत होतं. तिला वाटलं, खूप वर्षांनी आलोय म्हणून. लहान मुलांनासुद्धा बजावलेलं होतं. पन्नास माणसांना माहीत होतं. तिला एकटीला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवघरात गेली. पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात. बाकीच्या लपवल्या होत्या, ती एक राहिली होती. लपवणाऱ्यांनी विचार केला असेल, या पोरीला कुठे मराठी वाचता येतंय. मी दारात होते. ती बोट ठेवून वाचत होती, वर्गात वाचायची तसं. चिरंजीव. सौभाग्यकांक्षिणी. आणि पुढे स्वतःचं नाव.

ती माझ्याकडे वळली. ओरडली नाही. तिने एकच विचारलं, "तुला माहीत होतं?"

मंडळी, मी पुढे होऊन ती पत्रिका उलटी ठेवली. तिला उत्तर मिळालं.

ती बाहेरच्या खोलीत गेली, तिथे घरचा फोन होता. मी तिच्या मागे गेले नाही, आणि ती फोनवर आहे हे कोणाला सांगितलंही नाही. त्यानंतर दिवसभर ती इतकी शांत होती की माझ्या जावा म्हणाल्या, बघा, किती शहाणी मुलगी. न्हाऊ घातलं, न्हाली. साडी नेसवली, नेसली. पाटावर बसवलं, बसली. संध्याकाळी चारला हळद होती. मी वाटी घेऊन उभी होते. मी पाटाजवळ जाईना, तेव्हा जाऊबाईंनी वाटी काढून घेतली. आईला असं होतंच, म्हणाल्या.

तेव्हा रमाताई आल्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बरोबर दोन महिला पोलीस. दारातून आत आल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "मुलगी अठरा वर्षांची आहे. तिला एक प्रश्न विचारायचाय. ती हो म्हणाली तर मी अक्षता टाकून जाईन."

दीर पुढे धावले. यजमान पुढे झाले. एक काका रमाताईंना त्यांच्या जातीवरून काहीतरी बोलले. ते मी इथे उच्चारणार नाही. रमाताईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, "केतकी, तुला हे लग्न करायचंय?"

ती पाटावरून उठली. एका गालाला हळद लागली होती. म्हणाली, "नाही. मला जायचंय."

कोणी तिला हात लावला नाही, पोलीस होते म्हणून. रमाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही आई ना? पासपोर्ट कुठे आहे?" मी आत गेले, दिरांच्या कपाटाची किल्ली फडताळातून काढली आणि पासपोर्ट आणून दिला. तेवढं एक मी केलं. कृपा करून त्याबद्दल मला कोणी चांगलं म्हणू नका.

ती माझ्या शेजारून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या राजकन्येच्या गोष्टीचा एक वेगळा शेवटही आहे, ताईंनी हॉस्पिटलमध्ये असताना सांगितला. सुरी उचलल्यावर देवीने मुलीला उचललं आणि तिच्या जागी हरीण ठेवलं. मुलगी वाचली. पण ती दूरच्या परक्या देशात, एका देवळात. आईला ती पुन्हा दिसली नाही. केतकी नागपूरला शिकते आहे. रमाताईंकडे राहते. दीड वर्ष झालं, माझ्याशी बोललेली नाही. आज ताईंच्या शोकसभेला तिला यायचं होतं. तिला व्हिसा मिळायला उशीर झाला. तो का लागतो, ते मी आत्ताच सांगितलं.

आणि इथे आपण काय केलं? परत आल्यावर मी तक्रारअर्ज लिहिला, की ही बाई मुलींच्या डोक्यात काहीबाही भरवते, रविवारचा वर्ग बंद करा. पहिली सही माझी. यजमान म्हणाले म्हणून केली, असं म्हणून मी सुटू शकत नाही. खाली तुमच्या सह्या आहेत. कोणी म्हणालं, त्यांच्यात तसं चालतं, आपल्यात नाही. तेव्हा कोणी त्याला थांबवलं नाही. मीही नाही. वर्ग बंद झाला. लिफ्टमध्ये ताई असल्या की आपण पुढच्या लिफ्टची वाट बघायला लागलो. सार्सच्या वर्षी लोक माझ्याशी वागायचे तसं.

मग त्या आजारी पडल्या. नोव्हेनाच्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मला दिसल्या, डोक्याला स्कार्फ बांधलेला. मी समोर जाऊन उभी राहिले. माफी मागायचे शब्द मी दीड वर्ष जुळवत होते. त्यांनी ते ऐकूनच घेतले नाहीत. "ते राहू दे," म्हणाल्या, "माझ्याकडे वेळ कमी आहे. एक काम आहे. मला आणखी एका मुलीचा मेसेज आलाय."

तो मेसेज त्यांनी मला दाखवला. नाव बोटाने झाकलं होतं. त्यात होतं, "मावशी, डिसेंबरात आम्ही सगळे इंडियाला चाललोय. बाबांच्या टेबलावर तिकिटं बघितली. सगळ्यांचं रिटर्न आहे. माझं वन वे आहे. चुकून झालं असेल ना?"

मी विचारलं, "कोणाची मुलगी?"

त्या म्हणाल्या, "तुला सांगणार नाही. तू अजून ते ऐकण्याच्या लायकीची झालेली नाहीस." मग म्हणाल्या, "पण ती वर्गात यायची."

त्यानंतर तीन आठवड्यांनी ताई गेल्या. नाव कुठे लिहून ठेवलेलं नाही. रमाताईंनी शोधलं; फोनमधला तो मेसेजही ताईंनी पुसून टाकला होता. आणि आज नोव्हेंबर संपत आलाय.

वर्गात अकरा मुली यायच्या. मी इथे उभी राहिल्यापासून मोजते आहे. त्यातल्या नऊ आज इथे आहेत, आईवडिलांच्या मध्ये बसलेल्या. म्हणजे ज्याने ते तिकीट काढलं, तोही बहुतेक माझं बोलणं ऐकतोय. कदाचित आत्ताही मनात म्हणतोय, की ही बाई वेडी झाली आहे, मुलगी गेली ना हिची. म्हणा. पण मी आता रोज संध्याकाळी इथेच, या खुर्च्यांवर बसणार आहे. ज्या मुलीला यायचं असेल तिने यावं. माझ्यावर विश्वास ठेवू नये, तो मी गमावलाय. माझ्याकडे फक्त रमाताईंचा नंबर आहे.

प्रज्ञाताई, तुम्हाला नमस्कार करायचा माझा हक्क आहे की नाही, मला माहीत नाही. तरी करते.

आता आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहू या. मी ही शांतता मोठ्यांकडून मागते आहे. फक्त मोठ्यांकडून. या दोन मिनिटांत मुलींपैकी कोणाला बोलायचं असेल, तर तिने बोलावं. तिला कोणी खाली बसवणार नाही.